सहाय्यार्थ

कुणाचं ऑपरेशन ठरलं, की डॉक्टरांनी तारीख द्यायच्या आत बाबूने हॉलची तारीख घेतलेली असते.

बाबू म्हणजे कुणी एकटादुकटा नव्हे. दिवा पूर्वेच्या कुठल्याही इमारतीत शिरा, लिफ्ट असो वा नसो, बाबू असतोच. शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव भारदस्त, पौराणिक वगैरे असतं, पण ते रेल्वेच्या पासावर आणि लग्नपत्रिकेतच काय ते उजेडात येतं. वय एटीकेटी सुटल्यापासून पहिली नोकरी टिकेपर्यंतचं. अंगात काळा टी-शर्ट, पाठीवर ग्रुपचं नाव, आणि त्या नावात ‘बीट्स’ किंवा ‘रिदम’ यांपैकी एक शब्द सक्तीचा. हाताला एकच खोड. समोर सपाट काही आलं की त्यावर बोटं पडतात. बँकेचं काउंटर, लोकलचा पत्रा, जेवणाचं ताट, काहीही चालतं. आमच्याकडच्या सत्यनारायणाला तर भटजी संकल्प सांगत असताना याने चौरंगाच्या कडेवर हलकेच दादरा धरला. भटजींचं गोत्र-प्रवर सगळं सहा मात्रांत बसलं आणि पूजा नेहमीपेक्षा लवकर आटोपली.

घर वन-आरके. त्यात आई, वडील, आजी, बहीण, एक बेंजो, एक ऑक्टोपॅड, दोन ताशे आणि एक कच्छी ढोल. ढोल कोपऱ्यात उभा असतो आणि आजीच्या गोळ्यांचा डबा त्यावर असतो. ढोल सुपारीला गेला की आजीची दुपारची गोळी चुकते. “बाबू, काय ता वाजवतंस रे? शेजारी गाळी घालतत,” असं आई रोज एकदा म्हणते. शेजारी म्हणजे मी. मी शिव्या घालत नाही. मी फक्त टीव्हीचा आवाज वाढवतो. तो ऐकून बाबूला वाटतं की काकांना रस आहे.

वडील मूळचे सिंधुदुर्गातले, मग लालबागच्या चाळीतले, मग दिव्याचे. खोली बघायला आले तेव्हा दलालाने त्यांना स्टेशन दाखवलं. सावंतवाडीची पॅसेंजर इथून सुटते म्हटल्यावर त्यांनी पुढचं काही ऐकलंच नाही. गावची गाडी घराच्या मागून सुटते, कोकणी माणसाने देवाकडे आणखी मागायचं तरी काय? पाण्याचं बघून घेऊ, असं म्हणून त्यांनी बयाणा दिला. पाण्याचं ते अजून बघतायत.

बाबूची कमाई हळदींवर. दिवा, दातिवली, साबे, आगासन ही मूळची आगरी गावं, आणि आगऱ्यांच्या घरी लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी होणार नाही. तिथे बेंजो लागतो. 2016 साली डोंबिवलीच्या रवी जाधवांनी रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला, तेव्हा बाबू ग्रुपसकट तो बघून आला आणि आठवडाभर आपल्यावर सिनेमा निघाल्यासारखा वागला. त्या सिनेमात न्यूयॉर्कची एक मुलगी बेंजोवाल्याला शोधत मुंबईत येते. बाबूला शोधत आजवर साऊंडवाला तेवढा आलाय, बाकी मागायला.

आता हा हळदीतला पोरगा लोकांच्या बायपासच्या आणि डायलिसिसच्या मागे का लागला, असं कुणी विचारलं तर मी त्याच्या बापाकडे बोट दाखवतो. गिरणगावातल्या कोकणी गावमंडळांचा तो खानदानी धंदाच होता. गावच्या शाळेचं छप्पर उडालं, देवळाचा सभामंडप रखडला, विहिरीला पंप हवा झाला, की मुंबईत कार्यक्रम लागायचा. सिंधुदुर्गवाले दशावतार नाहीतर डबलबारी भजन लावत, रत्नागिरीवाले नमन नाहीतर शक्ती-तुरा. परळचं दामोदर नाट्यगृह ठरवायचं आणि पिवळ्या कागदावर छापायचं, ‘अमुक वाडीच्या सहाय्यार्थ’. या कार्यक्रमांत कला दुय्यम होती असं मी म्हणणार नाही, डबलबारीला दोन बुवा एकमेकांना काय धुवायचे ते मी ऐकलंय. पण मुख्य प्रयोग व्हायचा तो आधी महिनाभर, तिकीट खपवण्याचा. प्रत्येक सभासदाच्या गळ्यात दहा तिकिटं. खपवा, नाहीतर पदरचे भरा. “बघायला नाही आलात तरी चालेल, तिकीट घ्या,” हे वाक्य मी मराठी रंगभूमीवरचं सर्वांत परिणामकारक वाक्य मानतो. त्यापायी सख्खे मेहुणे एकमेकांशी बोलेनासे झाले. कोकणातल्या कितीतरी देवळांत देणगीदारांच्या नावांची फरशी असते. तिच्याखाली अबोला धरलेल्या मेहुण्यांची एक फरशी बसवायला जागा सोडायला हवी होती.

बाबूच्या वडिलांनी असल्या कार्यक्रमांत पखवाज वाजवलाय. मुलगा आपलाच वारसा चालवतोय असं मात्र ते चुकूनही म्हणत नाहीत. त्यांच्या मते बेंजो हे वाद्यच नव्हे, ती तक्रार आहे.

बाबूच्या डोक्यात वारं शिरलं ते वेगळ्याच बाजूने. मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये गिटार घेऊन गाणारा, गरीब कर्करुग्णांसाठी डब्यात पैसे जमवणारा सौरभ निंबकर 2015 साली घराघरांत माहीत झाला. एका टीव्ही कार्यक्रमासाठी खुद्द अमिताभ बच्चन त्याच्याबरोबर सीएसटीहून भांडुपपर्यंत लोकलने गेले, गाणी म्हणत. त्या वर्षी दिव्यातल्या झाडून साऱ्या बाबूंनी हप्त्यावर गिटारी घेतल्या. अमिताभ भांडुपलाच का उतरले याचं स्पष्टीकरणही बाबूकडे होतं. तेव्हा दिव्याला जलद लोकल थांबतच नव्हती. 2015 च्या जानेवारीत लोक रुळांवर उतरले, तरी गाडी थांबायला 2016 चा डिसेंबर उजाडला. म्हणजे अमिताभना इच्छा असती तरी डोंबिवलीला उतरून उलटं यावं लागलं असतं. “एवढ्या मोठ्या माणसाला कोण सांगणार काका, स्लो पकडा म्हणून?”

मग बाबू स्वतः निघाला, सकाळच्या गाडीने. दिव्याला सकाळी लोकलमध्ये माणूस चढतो तो तिरका होऊन. गिटार तिरकी होत नाही. ती डोक्यावरून हातोहात पुढे गेली आणि मालकाच्या आधी रॅकवर जाऊन बसली. तिच्या मानेला कुणीतरी डबा अडकवला. डब्याच्या त्या टोकाला भजन रंगात आलं होतं. ही मंडळी कल्याणपर्यंत डाऊन करून, जागा धरून बसलेली. त्यांच्या राज्यात विनापरवाना गाणं शक्य नव्हतं. बुवांनी एकदा रॅककडे आणि एकदा बाबूकडे पाहून विचारलं, “आमची पट्टी काळी दोन. तुझी?” बाबूने काही उत्तर द्यायच्या आत त्याच्या हातात टाळ आला. दादरपर्यंत त्याने टाळ वाजवला, आणि चांगला वाजवला असणार, कारण बुवांनी उद्याही याच डब्यात ये म्हणून सांगितलं. निधी गोळा करायला घरातून निघालेला बाबू आरतीच्या ताटात दहा रुपये टाकून आणि खडीसाखर खाऊन खाली उतरला. शिवाय 1989 च्या रेल्वे कायद्याचं कलम 144 गाडीत फेरी करायला आणि भीक मागायला मनाई करतं. स्वतःसाठी पसरलेला हात आणि दुसऱ्यासाठी पसरलेला हात यांतला फरक आरपीएफच्या जवानाला पटवायला ठाणे ते मुलुंड एवढाच अवधी असतो. निंबकरने हे सगळं कसं निभावलं असेल, याबद्दल बाबूला त्या दिवसापासून फार आदर आहे.

लोकल सुटली, स्टेज आलं. पहिला कार्यक्रम आमच्याच गल्लीतल्या एका रिक्षावाल्याच्या ऑपरेशनसाठी झाला. मी बँकेत होतो हे मी एकदा जिन्यात बोलून गेलो होतो, म्हणून हिशेब तपासनीस मी. जमेच्या बाजूला तिकीटविक्री. खर्चाच्या बाजूला साऊंड, लाइट, जनरेटर, मंडप, शाल-श्रीफळ, वडापाव आणि बॅनर दोन, कारण पहिल्यावर प्रमुख पाहुण्यांच्या नावातली वेलांटी चुकली होती आणि पाहुणे वेलांटीच्या बाबतीत हळवे होते. बेरीज केली तर कार्यक्रम तोट्यात. अखेर रुग्णाच्या मेहुण्याने खिशात हात घालून साऊंडवाल्याचे राहिलेले पैसे भागवले. रुग्ण पुढे ठणठणीत बरा झाला. मेहुणा अजून सावरलेला नाही.

तेव्हा मी बाबूला कायदा सांगायला बसलो. 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे, त्यात 41 क कलम आहे. नोंदणीकृत संस्था नसेल तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतल्याशिवाय वर्गणी मागता येत नाही, आणि मागितलेल्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो. गणपती मंडळं याच कलमाखाली अर्ज करतात. बाबूला पटेना. चांगल्या कामाला परवानगी कशाला? मग मी त्याला न्यूयॉर्कला नेलं. 1 ऑगस्ट 1971, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पंडित रविशंकरांनी शब्द टाकला आणि बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनने सगळे दोस्त गोळा केले. दारावरच्या तिकिटांचे सुमारे 2,43,000 डॉलर युनिसेफला पोचले. पण रेकॉर्ड आणि सिनेमातून जो मोठा पैसा आला तो अमेरिकेच्या करखात्याने वर्षानुवर्षं अडकवून ठेवला, कारण हे सगळं धर्मादाय आहे याची कागदोपत्री तजवीज आधी कुणी केलीच नव्हती.

बाबू गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “म्हणजे बीटल्सचा पण आपल्यासारखाच लोचा झालेला?” आणि एवढ्या समाधानाने म्हणाला, की माझ्या कायद्याच्या व्याख्यानाचं चीज झालं की मातेरं हे मला ठरवता येईना. अर्ज मात्र त्याने दुसऱ्या दिवशी केला. ‘यापूर्वीचा अनुभव’ या विषयावर त्याने पुरवणी जोडली होती, ती मी काढून घेतली.

पुढच्या कार्यक्रमाचा हिशेब माझ्यासमोर आला तेव्हा साऊंडपुढे शून्य होतं. मंडपापुढे शून्य. बॅनर, लाइट, शून्य. मी चाळीस वर्षं आकडे बघण्यात घालवलेला माणूस, इतकी शून्यं एकत्र पाहून मला घाम फुटला. “सेटल केलं काका,” एवढंच बाबू म्हणाला. खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. साऊंडवाल्याच्या पुतण्याची आगासनला हळद होती, तिथे ग्रुप फुकट वाजवणार. मंडपवाल्याच्या मेहुणीची साबेगावात हळद, तिथेही. बॅनर छापणाऱ्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस. लाइटवाल्याकडे सध्या कुणी लग्नाचं नव्हतं, त्याचं उधार ठेवलं होतं. एका बायपासमागे तीन-चार हळदी, असा भाव पडला होता. ऐन सीझनच्या हळदी, म्हणजे एरवी ज्यांच्या सुपारीवर या पोरांचे मोबाइलचे आणि ऑक्टोपॅडचे हप्ते चालतात त्या.

मी माझ्या सवयीने एक ओळ वाढवली: ‘वादकांनी सोडलेलं मानधन’, आणि पुढे अंदाजे रक्कम. ती रक्कम तिकीटविक्रीहून मोठी निघाली. बाबूने ती ओळ पेनाने खोडली. “हे कशाला काका? आपण तर वाजवतच होतो.”

हा मुद्दा त्याच्या डोक्यात शिरत नाही आणि मीही आता घालायला जात नाही.

कार्यक्रमाची संध्याकाळ हा स्वतंत्र विषय आहे. सहाची वेळ छापलेली असते. साडेसातपर्यंत “हॅलो, चेक, चेक” चालतं. त्या न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात सतार-सरोद जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला होता, आमच्याकडे दोन गाणी पुरी झाली तरी मागची माणसं विचारत असतात, “चालू कधी होणार?” ताशावाली मुलगी आलेली नसते. ती गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत डोंबिवलीच्या फडके रोडवर वाजवलेली, ग्रुपमधली एकमेव शिस्तीत शिकलेली कलावंत. फाटक बंद असल्याने ती पलीकडे अडकलेली असते आणि फोनवरून काउंट देत असते. प्रमुख पाहुणे नऊला येतात. मग हार, मग शाल, मग ज्यांना हार मिळाला नाही त्यांची समजूत. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, हा 2000 सालच्या नियमांचा काटा पोलीस हवालदार मनगटावर घेऊनच उभा असतो. निवासी वस्तीत दिवसा 55 डेसिबल, हाही नियम आहे, पण तो तिथे कुणी काढत नाही, कारण 55 डेसिबल बाबूची आजी एकटी भरते. थोडक्यात, चार तासांचा कार्यक्रम वीस मिनिटांत वाजवावा लागतो. त्याला बाबू ‘मेडली’ म्हणतो. त्या वीस मिनिटांत ही पोरं जे काही वाजवतात ते मी कानात कापूस घालून ऐकलंय, आणि कापूस काढूनही. सांगायला जड जातं, पण छान वाजवतात.

एका कार्यक्रमात पाहुण्यांच्या माणसाने निरोप आणला की पेशंटला स्टेजवर घ्या, खुर्चीत बसवा, साहेबांना फोटो हवाय. बाबू एरवी साहेबांसमोर दुमडतो. तेव्हा मात्र, “पेशंट ॲडमिट आहे,” असं त्याने बेधडक सांगितलं. पेशंट तिसऱ्या रांगेत बसून वडापाव खात होता. त्याने ते ऐकलं आणि उरलेला वडापाव घेऊन तो मांडवाच्या मागे जाऊन ॲडमिट झाला.

2021 च्या 22 जुलैला चिपळूण बुडालं, तेव्हा गर्दीला बंदी होती. बाबूने गच्चीवरून मोबाइलवर लाइव्ह केलं, मागे पत्र्यावर पाऊस ताल धरून. खाली पैसे पाठवायचा क्यूआर कोड. सर्वांत आधी एक्कावन्न रुपये आले ते चिपळूणहून, बाबूच्या मावशीचे. नेटवर्क नुकतंच परत आलं होतं, घरात गुडघाभर चिखल होता, पण भाचा वाजवतोय म्हटल्यावर तिने आहेर केला. हे पैसे पूरग्रस्तांना परत द्यायचे की पूरग्रस्तांकडून आलेले म्हणून वेगळे दाखवायचे, यावर माझी आणि बाबूची बराच वेळ चर्चा झाली.

आमच्या इमारतीत बाबूचे टीकाकारही आहेत. त्यांचं म्हणणं सोपं आहे: याला मिरवायचं असतं, मदत हे निमित्त. मी त्यांना संयुक्त ‘मानापमान’ची गोष्ट सांगतो. 8 जुलै 1921, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर. एक भामिनी, एक धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक. त्या रात्री थिएटर भरलं ते लोकांना स्वराज्याचा पुळका आला म्हणून, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना बघायचं होतं की आज कोण कुणाला खातो. आणि त्या दोघांनाही ते ठाऊक होतं. फंडाला पैसा मिळाला. ज्याला मिरवायचं नसतं असा माणूस तुम्ही वर्गणी मागायला पाठवून बघा, तो दारावरची बेलसुद्धा वाजवत नाही. टीकाकार म्हणतात, कुठे गंधर्व आणि कुठे हा. ते मान्य आहे. बाबूला मी हे सांगितलेलं नाही, नाहीतर तो बॅनरवर छापेल.

गेल्या गणपतीत बाबूचा हात मोडला. विसर्जनाच्या टेम्पोवरून उतरताना ढोल आधी सोडायचा की स्वतः आधी उतरायचं, यात त्याने ढोलाची बाजू घेतली. ढोलाला ओरखडा नाही. बाबूच्या उजव्या मनगटात सळी. ग्रुपने लगेच कार्यक्रम लावला. बाबूला तो अपमान वाटला. मदत घ्यावी लागली म्हणून नव्हे, तर आपल्याशिवाय मेडली बसते हे कळल्यामुळे. सराव चालू असताना तो खिडकीतून डाव्या हाताने लय दाखवायचा आणि खालून कुणी वर बघायचं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी तो हात गळ्यात बांधून, टोपी घालून गुपचूप गेला. दाराशी ताशावाल्या मुलीची धाकटी बहीण टेबल टाकून बसली होती, ग्रुपमध्ये नवी. तिने त्याला अडवलं.

“तिकीट?”

“अगं, मी...”

“शंभर रुपये. आजारी माणसासाठी आहे, फुकट नाही कुणाला. बघायचं नसेल तरी घ्या.”

बाबू तिच्याकडे बघत राहिला. एवढी जातिवंत विक्रेती ग्रुपला आजवर मिळाली नव्हती. त्याने डाव्या हाताने खिसा चाचपला, शंभराची नोट काढली, टेबलावर ठेवली आणि पावती मागितली. तिने नाव विचारलं. दाखल्यावरचं पूर्ण नाव त्याने सांगितलं. तिने ते लिहिलं, फाडून दिलं, आणि पुढच्या माणसाकडे वळली. बाबू दारातून अर्धा आत गेला, पावती वाचून परत टेबलापाशी आला.

“ताई, यातली वेलांटी चुकलीय. दुसरी द्या.”